पंट परतवण्यावर करिअर उभं राहतं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमचा मुलगा इथे अमेरिकेतल्या शाळेत दहावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात पंट आणि किकऑफ परतवतो, म्हणजे समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू झेलून पळतो. कोच त्याच्यावर खूश आहेत. आता तो म्हणतोय की मला डेव्हिन हेस्टर व्हायचंय, आणि तुमच्या घरात क्रिकेटपलीकडे कुणाला काही कळत नाही. तुम्ही विचारलंय की नुसतं एवढं एकच काम करून कुणी व्यावसायिक खेळाडू होतं का, आणि झालंच तर त्या माणसाचं करिअर असतं कसं, टिकतं किती?

मी मूळचा मिरजेचा. अकराव्या वर्षी आईबाबांबरोबर इलिनॉयला आलो, शाळेत फुटबॉलला लागलो, पुढे एका लहानशा कॉलेजसाठी चार वर्षं पंट झेलले. व्यावसायिक पातळीवर खेळलो नाही. पण गेली सोळा वर्षं शिकागोच्या आसपासच्या शाळांत स्पेशल टीम्सचा कोच आहे. किकशी संबंधित जे जे मैदानावर घडतं ते सगळं माझ्याकडे. रिटर्नर तयार करणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यावर माझा जीव आहे. उत्तर लांबणार, तेवढं सांभाळून घ्या.

होतं, ताई. किक परतवण्याच्या जोरावर माणूस हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनापर्यंत गेलाय. पण तुमच्या प्रश्नातला 'नुसतं' हा शब्दच सगळ्यात अवघड आहे. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ, प्रत्येक संघात ५३ जागा. त्यातली एक अख्खी जागा फक्त रिटर्नरसाठी राखून ठेवणारे संघ कोणत्याही वर्षी अगदी मोजके असतात. आणि त्या जागेचे पैसे संघ देतो ते पळण्याचे नाहीत. पळणारे त्यांच्याकडे पुष्कळ असतात. पैसे असतात ते चेंडू आपल्याकडे सुखरूप ठेवण्याचे. ही गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला दरवर्षी निम्मा हंगाम लागतो.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण टीव्हीवर फक्त धाव दिसते.

आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी असतात. तीन वाया गेल्या की चौथ्या वेळी बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना देऊन टाकतात. तो पंट. सामना सुरू होताना, मध्यंतरानंतर आणि कुणी गुण मिळवले की चेंडू टेकूवर ठेवून मारतात तो किकऑफ. दोन्ही वेळा पलीकडे खोलवर उभा राहून चेंडूची वाट पाहतो तो रिटर्नर. पंटच्या वेळी तर तो तिथे अगदी एकटा असतो.

व्यावसायिक पंट साडेचार सेकंद, कधी त्याहून थोडा जास्त वेळ हवेत असतो आणि चाळीस-पंचेचाळीस यार्डांवर उतरतो. तेवढ्या वेळात समोरून माणसं सुसाट येत असतात. कडेने सुटणारे दोघे, त्यांना गनर म्हणतात, सगळ्यांच्या आधी पोचतात. रिटर्नरची मान मात्र वर आभाळात. आपल्याकडे लाँग ऑनला उंच उडालेला झेल घेणाऱ्याचं कौतुक होतं, आणि व्हायलाच हवं. पण त्याला निदान धडक द्यायला कुणी येत नाही. इथे चेंडू हातात पडायच्या आत एक नजर खाली टाकायची, माणसं किती जवळ आली ते पाहायचं आणि पुन्हा चेंडू शोधायचा. मग ठरवायचं. हात डोक्यावर नेऊन हलवला तर तो फेअर कॅच. मग त्याला कुणी हात लावायचा नाही, पण त्यालाही पळता येत नाही. नाहीतर झेलून पळायचं. नाहीतर चेंडू सोडून द्यायचा आणि स्वतः लांब व्हायचं, शिवाय जवळ असलेल्या आपल्या माणसांनाही ओरडून हाकलायचं. प्रत्येक संघाची त्यासाठी एक आरोळी असते, आमच्याकडे 'पॉयझन'.

हाकलायचं अशासाठी की पंटच्या चेंडूला रिटर्नरच्या संघातल्या कुणाचाही स्पर्श होत नाही तोवर मारणाऱ्या संघाला तो स्वतःचा म्हणून घेता येत नाही. एकदा स्पर्श झाला, मग तो बोटाचा असो की बुटाचा, की चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा.

२२ जानेवारी २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोत न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध उपांत्य फेरीचा सामना होता, जिंकणारा सुपर बोल या अंतिम सामन्यात जाणार होता. सॅन फ्रान्सिस्कोचा नेहमीचा रिटर्नर टेड गिन ज्युनियर गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता म्हणून काइल विल्यम्स उभा राहिला. चौथ्या सत्रात घरंगळत आलेला एक पंट त्याने सोडून दिला, पण चेंडू त्याच्या गुडघ्याला नुसता घासून गेला. जायंट्सनी तो उचलला. जादा वेळात त्याच्या हातातून आणखी एक चेंडू निसटला. जायंट्स २०-१७ ने जिंकले. त्यानंतर त्या पोराला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. मी दरवर्षी ऑगस्टमध्ये मुलांना ही चित्रफीत दाखवतो, आणि तिच्याआधी कुठलंही टचडाउन, म्हणजे चेंडू मैदानाच्या पार टोकाला नेऊन गुण मिळवणारी धाव, दाखवत नाही.

किकऑफचं गणित वेगळं आहे. तिथे चेंडू दहा यार्ड गेला की तो दोघांचाही असतो, म्हणून सोडून देणं ही चैन परवडत नाही. पण किकऑफ पाहून घ्यायला वेळ मिळतो, पळायला आधी जागा मिळते. पंट झेलणं हे जास्त अवघड काम आहे आणि माझ्या मते रिटर्नरची खरी पारख तिथेच होते.

आता शिकवतो कसं ते सांगतो. पहिले दोन आठवडे मी मुलांना पळूच देत नाही. चेंडू फेकणाऱ्या यंत्रातून उंच चेंडू सोडतो आणि ते फक्त पाहायला लावतो, झेलायला नाही. फुटबॉलचा चेंडू लांबुळका, दोन्ही बाजूंनी निमुळता. गरगरत वर जातो. सगळ्यात उंच जागी पोचला की त्याचं नाक खाली वळतं का ते पाहायचं. वळलं तर तो अजून लांब जाणार, म्हणजे आपण मागे. नाक वरच राहिलं तर तो अलीकडेच पडणार, म्हणजे पुढे या. डाव्या पायाने मारणाऱ्याचा चेंडू उलटा फिरतो आणि नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध बाजूला सरकतो. शिकागोच्या सोल्जर फील्डवर तळ्याकडून येणारा वारा आत शिरून गोल फिरतो, तिथे तर हे सगळं माहीत असूनही पाय चुकतात.

मग झेल. कोपरं एकमेकांजवळ, अंगाला चिकटलेली, तळवे आभाळाकडे. चेंडू छातीवर येऊ द्यायचा आणि तान्ह्या बाळाला घ्यावं तसा दोन्ही हातांनी आत ओढायचा. कोपरांत फट राहिली की चेंडू पोटावरून घसरून खाली. यासाठी एक जुनी कसरत आहे, सगळीकडे करतात. एक चेंडू झेलायचा, तो बगलेत धरूनच दुसरा झेलायचा, मग तिसरा, चौथा. चौथ्यापर्यंत हात मोकळे उरतच नाहीत, त्यामुळे चेंडूखाली अचूक जाऊन उभं राहण्याशिवाय गत्यंतर नसतं. पाय शिकतात ते इथे. हातांनी झेल घेतला असं आपल्याला वाटतं. खरं तर तो आधी पायांनी घेतलेला असतो.

शेवटचा नियम मैदानाच्या टोकाचा. मी मुलाच्या टाचा आपल्या एंड झोनपासून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापासून, १० यार्डांच्या रेषेवर ठेवतो. तिथून एक पाऊलही मागे जायचं नाही. डोक्यावरून गेला तर जाऊ दे, बहुधा एंड झोनमध्ये जाईल आणि आपल्याला २० यार्डांवरून सुरुवात मिळेल.

मी स्वतः हे सगळं शिकलेलो होतो. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, पाऊस पडत असताना, आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि पाच मिनिटं उरली होती. फेअर कॅचसाठी हात वर केला, कुणी अंगावर येणार नव्हतं, आणि चेंडू माझ्या कोपरांमधून सरळ खाली गेला. बारा यार्डांवर त्यांनी तो पकडला आणि तीन संधींत टचडाउन केलं. कोच एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या पंटला त्यांनी दुसऱ्या मुलाला हाक मारली, आणि मला परत हाक यायला पाच आठवडे लागले. त्याआधीच्या सामन्यात मी ६१ यार्ड पळून टचडाउन केलं होतं, त्याची आठवण कुणालाही नव्हती. व्यावसायिक खेळात हे पाच आठवडे मिळत नाहीत. मंगळवारी नवा माणूस विमानातून उतरतो.

आता हेस्टर, कारण तुमचा मुलगा त्याच्यामुळे पेटलाय. मी २००६ मध्ये शिकागोतच होतो आणि तो हंगाम मी कधी विसरणार नाही. फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचचा मुलगा, मायामी विद्यापीठाचा. कॉलेजात त्याला आक्रमणात, बचावात, सगळीकडे खेळवून पाहिलं होतं आणि पक्की जागा कुठेच मिळाली नव्हती. शिकागोच्या बेअर्स संघाने त्याला नवख्यांच्या निवडीत दुसऱ्या फेरीत, ५७ वा घेतला. कागदावर कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला खेळाडू म्हणून. पहिल्याच सामन्यात ग्रीन बेमध्ये ८४ यार्डांचा पंट परतवून टचडाउन. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्ध हरल्यात जमा असलेला सामना ८३ यार्डांच्या पंटने २४-२३ असा फिरवला. नोव्हेंबरात जायंट्सचा हुकलेला फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) एंड झोनच्या आत झेलला, आता काय घाई, अशा थाटात दोन पावलं टाकली आणि मग १०८ यार्ड पळाला. डिसेंबरात सेंट लुईसविरुद्ध एकाच सामन्यात दोन किकऑफ. हंगामात एकूण सहा. आणि ४ फेब्रुवारी २००७ ला मायामीत सुपर बोलचा पहिलाच किकऑफ ९२ यार्ड. चौदा सेकंदांत टचडाउन. सुपर बोलच्या सुरुवातीच्या किकऑफवर झालेलं ते आजवरचं एकमेव टचडाउन आहे. त्यानंतर समोरच्या इंडियानापोलिसने त्याच्याकडे एकही किकऑफ जाऊ दिला नाही. सामना मात्र त्यांनी २९-१७ असा जिंकला.

पुढच्या वर्षी पुन्हा सहा. त्या काळात बेअर्सचा सामना पाहताना लोक किकच्या वेळी खाण्यापिण्याच्या रांगा सोडून जागेवर परत यायचे. विरुद्ध संघ चेंडू मुद्दाम सीमारेषेबाहेर मारायचे, आखूड मारायचे, आणि त्याने हात न लावता बेअर्सना पुढची जागा मिळायची. हे यार्ड त्याच्या नावावर कुठेच लिहिलेले नाहीत, पण सामने त्यांनीही जिंकले. त्याच्यामागे डेव्ह टोब हा स्पेशल टीम्सचा कोच होता, त्याच्या अडवणाऱ्यांची रचना मी आजही शिकवायला वापरतो.

ताई, यापुढचा भाग मुलाला नीट वाचायला द्या. इतकं यश मिळाल्यावर संघाने काय केलं? २००७ मध्येच त्याला रिसीव्हर, म्हणजे आक्रमणात फेकलेला चेंडू झेलणारा, केलं. असा चेंडू घेऊन पळणारा माणूस सामन्यात चार-पाच वेळाच वापरायचा, हे कुणालाच पटेना. रिसीव्हर म्हणून तो वाईट नव्हता, २००९ मध्ये ७५७ यार्ड केले. पण पहिल्या रांगेतला तो कधी झाला नाही, आणि मधल्या दोन वर्षांत परतवण्याची धारही बोथट झाली. २०१० मध्ये ती परत आली. २०१३ नंतर बेअर्सनी त्याला सोडलं. अटलांटात गेला, तिथे २०१४ च्या सप्टेंबरात ६२ यार्डांचा पंट परतवून विसावं टचडाउन केलं आणि डीऑन सँडर्सचा विक्रम मोडला: १४ पंट, ५ किकऑफ, १ हुकलेला फील्ड गोल. मग बाल्टिमोर, मग जानेवारी २०१७ मध्ये सिअ‍ॅटलसाठी प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्धच शेवटचा सामना. त्यात त्याने एक पंट ८० यार्ड परतवला, आणि सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला धरल्याच्या दंडामुळे ती धाव रद्द झाली. अकरा हंगाम, चार संघ. हॉल ऑफ फेमला पात्र झाल्यावर दोनदा यादीतून मागे राहिला, तिसऱ्या वर्षी म्हणजे २०२४ मध्ये निवडला गेला. प्रामुख्याने रिटर्नर म्हणून तिथे गेलेला तो पहिला खेळाडू. १९६३ पासून ते सभागृह उघडं आहे, आणि या कामाला दार उघडायला एवढी वर्षं गेली. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

म्हणून हेस्टर हा नमुना धरू नका. तो अपवाद आहे, आणि त्यालाही आयुष्यभर 'दुसरं काय येतं' हा प्रश्न चुकला नाही.

नमुना पाहायचा तर जॉश क्रिब्ज पाहा. केंट स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा. एनएफएलच्या निवडीत सात फेऱ्या होतात, त्यातल्या एकाही फेरीत कुणी त्याचं नाव घेतलं नाही. २००५ मध्ये क्लीव्हलंडला गेला, किकऑफ परतवायला लागला, शिवाय दुसरा संघ परतवत असताना धावत जाऊन त्यांना पाडायलाही लागला. कारकिर्दीत किकऑफवर आठ टचडाउन. ब्रायन मिचेलही कॉलेजात क्वार्टरबॅकच. वॉशिंग्टनने १९९० मध्ये पाचव्या फेरीत घेतला, आणि किकऑफ परतवण्याचे १४,०१४ यार्ड हा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. पंटचे ४,९९९, एक यार्ड कमी पडला पाच हजाराला! हे दोघेही परतवण्याखेरीज संघाला लागेल ते करायचे. कोच यादीतली नावं खोडत असतो तेव्हा एका नावासमोर तीन कामं लिहिलेली असली की पेन्सिल पुढे सरकते.

आणि आंद्रे रॉबर्ट्स. हा मला फार आवडतो. २०१० मध्ये तिसऱ्या फेरीत रिसीव्हर म्हणून आला, संघ बदलत राहिला, रिसीव्हर म्हणून मागे पडत गेला. २०१८ मध्ये तिशीत न्यूयॉर्क जेट्ससाठी परतवायला लागला आणि ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तमांपैकी एक, ठरला. पुढे बफेलोत आणखी दोनदा प्रो बोल या मानाच्या संघात निवड. ज्या वयात बहुतेकांचं सामान बांधून झालेलं असतं, त्या वयात झेलाच्या भरवशावर त्याने आपली कारकीर्द लांबवली. वेग उतरतो, पण डोळे आणि पाय शहाणे होत जातात.

याच्या उलटंही होतं. स्टीव्ह स्मिथने २००१ मध्ये कॅरोलायनासाठी आयुष्यातला पहिलाच किकऑफ ९३ यार्ड परतवून टचडाउन केलं, पहिल्याच वर्षी रिटर्नर म्हणून ऑल-प्रो झाला. नंतर तो इतका मोठा रिसीव्हर झाला की संघाने त्याला किकपासून हळूहळू दूर केलं, कारण महागडा खेळाडू तिथे मोडून घ्यायचा कसा? म्हणजे चांगलं केलंत तर वरच्या कामावर जाता, वाईट केलंत तर घरी. या खुर्चीत फार दिवस बसून राहणारे थोडेच.

आता नियम, कारण या धंद्याची कमाई कोचपेक्षा नियमपुस्तकावर जास्त ठरते. २०१० पर्यंत एनएफएलचा किकऑफ ३० यार्डांवरून मारत. दुखापती फार व्हायच्या, दोन्हीकडून माणसं पूर्ण वेगात येऊन आदळायची. २०११ मध्ये तो ३५ वर आणला. पाच यार्ड, बस. पण त्या पाच यार्डांमुळे चेंडू थेट एंड झोनमध्ये जाऊन तिथेच संपणाऱ्या किक, म्हणजे टचबॅक, १६ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांच्या आसपास गेल्या. एका उन्हाळ्यात किकऑफ परतवणाऱ्यांचं जवळपास एक-तृतीयांश काम गेलं. पुढे आणखी बदल झाले, आणि २०२३ मध्ये जेमतेम २२ टक्के किकऑफ परतवले गेले. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परतवला गेला नाही. मी तो सामना मुलांबरोबर पाहत होतो. एकाने विचारलं, "कोच, मग आपण हे शिकतोय कशाला?" माझ्याकडे त्या दिवशी चांगलं उत्तर नव्हतं.

ते उत्तर त्याच वर्षी मिळालं. लीगने २०२४ पासून नवा किकऑफ आणला, एक्सएफएल या दुसऱ्या लीगकडून घेतलेला. मारणाऱ्या संघाचे दहा जण आता समोरच्यांच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे राहतात, अडवणारे त्यांच्यापासून पाच यार्डांवर, आणि चेंडू खाली पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. एंड झोन ते २० यार्ड या पट्ट्यात चेंडू पडला तर परतवावाच लागतो, फेअर कॅच नाही. लांबून धावत येऊन आदळणं गेलं. पहिल्या वर्षी परतवण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या घरात आलं. २०२५ मध्ये थेट एंड झोनमध्ये मारल्यास समोरच्यांना ३५ यार्डांवर चेंडू मिळेल असं ठरवलं, आणि मग प्रमाण निम्म्याच्याही पुष्कळ वर गेलं.

त्यामुळे रिटर्नरचा बाजारही बदलला. मागे दोघे उभे राहू लागले. वीस यार्ड मोकळं पळून वेग घेणाऱ्यापेक्षा फट दिसताच खांदा घालून सरळ घुसणारा, रनिंगबॅकच्या बांध्याचा माणूस जास्त उपयोगी ठरू लागला. केने न्वांग्वू हे नाव मुलाला विचारा. मिनेसोटाने सोडलेला रनिंगबॅक, जेट्सच्या सराव पथकात होता. १ डिसेंबर २०२४ ला त्यांच्यासाठी पहिल्यांदा मैदानात उतरला आणि सिअ‍ॅटलविरुद्ध ९९ यार्डांचं टचडाउन केलं. दुसरीकडे कॉर्डरेल पॅटरसन. किकऑफवर नऊ टचडाउन, हा विक्रम त्याचा. नव्या नियमांच्या वर्षी पिट्सबर्गने त्याला घेतलं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सोडूनही दिलं. नियम तुमच्या बाजूने आला तरी वय तुमची वाट पाहत थांबत नाही.

पैशांचं विचारलंत नाही, पण आईच्या मनात असणारच. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचं किमान वर्षाचं मानधन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. हे हंगामाच्या आठवड्यांत विभागून मिळतं. संघाने मध्येच सोडलं तर उरलेले आठवडे सहसा बुडाले. डॅलसचा कव्होंटे टर्पिन लहान लहान लीगमधून, पोलंडमधल्या एका संघातूनही खेळून आला, २०२२ मध्ये यूएसएफएल या लहान लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग काउबॉइजने घेतला. २०२५ मध्ये त्याला ३ वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जाणारा करार मिळाला. रिटर्नरला एवढं मिळणं फार मोठी गोष्ट आहे. पण खेळाडूंच्या संघटनेच्या आकड्यांनुसार एनएफएलमधली सरासरी कारकीर्द तीन वर्षांहून थोडीशीच जास्त असते, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायलाच तीन हंगाम पुरे करावे लागतात. बहुतेकांची धडपड त्या तिसऱ्या हंगामासाठी असते. टीव्हीवर ती दिसत नाही.

धोका खरा आहे, तो गोड करून सांगणार नाही. गुडघा, खांदा आणि डोकं. मुलगा धडकल्यानंतर गप्प गप्प वाटला, उजेड सहन होत नाही म्हणाला, तर त्या आठवड्यात खेळ बंद, आणि डॉक्टरने लेखी दिल्याशिवाय परत नाही. यात कोचचं ऐकायचं नाही, माझंही नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. शाळेच्या नियमांत चेंडू एंड झोनच्या रेषेपलीकडे गेला की तिथेच खेळ थांबतो, त्यामुळे परतवायचा की नाही हा अवघड निर्णय त्याला अजून घ्यावाच लागलेला नाही. कॉलेजात लागेल. नुसता रिटर्नर म्हणून शिष्यवृत्ती देणारी कॉलेजं जवळजवळ नाहीतच. ती किकरला मिळते, पंटरला मिळते. म्हणून त्याने स्लॉट रिसीव्हर किंवा कॉर्नरबॅक यांपैकी एक जागा आत्तापासून मन लावून शिकावी, आणि माणूस पाडायला शिकावं. दुसरा संघ परतवतो तेव्हा मैदानात असलेला मुलगा कोचला कायम हवा असतो. चित्रफीत पाठवायची वेळ येईल तेव्हा लांब धावांबरोबर साधे झेलही घाला: पावसातले, वाऱ्यातले, माणसं अंगावर असतानाचे. आम्ही ते पाहतो, खरंच पाहतो.

आणि पुढच्या शुक्रवारी तुम्ही सामन्याला जाल तेव्हा पंट उडाला की चेंडूकडे बघू नका. मुलाच्या पायांकडे बघा. चेंडू वर असतानाच तो त्याच्याखाली जाऊन स्थिर झाला का, की शेवटच्या क्षणी झेपावला? गनर दोन पावलांवर आलेला असताना त्याने हात वर केला का? त्याने हात वर केला, चेंडू छातीशी घेतला आणि काहीच झालं नाही, तर भोवतीचे लोक उसासा टाकतील. तुम्ही तेव्हा उभ्या राहून टाळ्या वाजवा. त्याच्या कोचला लगेच कळेल की घरी कुणीतरी खेळ समजून घेतलाय.